काकाचा डावा हात

अनुकाकाला मुंबईहून घरी आणलं तेव्हा फणस पिकायला लागले होते. तिठ्यावर एसटीतून उतरवून त्याला लाकडी खुर्चीत बसवलं आणि ती खुर्ची दोघांनी उचलून मळ्याच्या बांधावरून घरापर्यंत आणली. पुढे माझा लांबच्या नात्यातला चुलतभाऊ मधूदादा, जो एसटीत कंडक्टर होता, आणि मागे मिंगेल नावाचे एक गोव्याचे गृहस्थ. त्यांचा पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते. खुर्चीतल्या माणसाला मी क्षणभर ओळखलंच नाही. अनुकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तो दरवर्षी चतुर्थीला यायचा तो चकचकीत बूट घालून, केसांना सुवासिक तेल लावून, शीळ वाजवत. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात तो बँडमध्ये गिटार वाजवत असे. गावात मात्र सगळे म्हणत की तो हॉटेलात कामाला आहे, आणि बाबांनी तो समज कधी खोडून काढला नाही. वेटर असणं त्यांना समजावून सांगता येण्यासारखं होतं. गिटार वाजवणं नव्हतं.

आता त्याच्या अंगावरून वारा गेला होता. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू, सगळं लुळं पडलेलं. पुढे मी आयुष्यभर हॉस्पिटलात नोकरी केली आणि अशी कितीतरी माणसं पाहिली, त्यामुळे आज मला ठाऊक आहे की उजवी बाजू जाते तेव्हा पुष्कळदा वाचाही जाते. डोक्यात सगळं शाबूत असतं, पण शब्द सापडत नाहीत. तेव्हा आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. अनुकाकाजवळ एकच शब्द उरला होता, ‘न्हय’, म्हणजे नाही. पाणी हवं का विचारलं तरी न्हय, नको का विचारलं तरी न्हय. कोणता न्हय खरा ते डोळ्यांवरून ओळखायचं. मिंगेल काकाच्याच बँडमधले, ते दोन दिवस राहिले. जाताना त्यांनी बाबांना सांगितलं की याचा डावा हात चांगला आहे, आणि आमच्या धंद्यात सगळी विद्या डाव्या हातात असते, तेव्हा याला धरायला एक गिटार द्या, नाहीतर हा माणूस आतल्या आत कुजेल. काकाची स्वतःची गिटार नव्हती. जी तो इतकी वर्षं वाजवायचा ती बँडच्या मालकाची होती आणि ती आता दुसऱ्याच्या हातात गेली होती.

आमचं घर धामापूरच्या तळ्यापासून जवळच, पण तळं दिसत नसे. मध्ये काजूची बाग होती. आई गेली तेव्हा मी नववीत होते. मॅट्रिक झाले आणि घरात बसले. घर म्हणजे बाबा, त्यांची विधवा बहीण मोठी आत्या आणि मी. काका आल्यावर त्याची खाट पडवीत टाकली आणि त्याचं सगळं करायचं माझ्याकडे आलं. कुणी तसं सांगितलं नाही, ठरवलंही नाही. तवा चुलीवर असला की भाकरी उलटायची ती मीच, तसं हेही. सकाळी त्याला पेज भरवायची. अर्धी ओठाच्या कोपऱ्यातून गळायची, ती पुसायची. मग अंग पुसणं, कूस बदलणं, उजव्या हाताची बोटं एकेक करून उलगडणं. दुपारी कुळथाची पिठी आणि मऊ भात. उशाशी एक पितळी तांब्या ठेवलेला असे. काही हवं झालं की तो डाव्या हाताने तांब्या खाटेच्या लोखंडावर आपटायचा. तो आवाज बागेच्या कडेपर्यंत ऐकू यायचा, त्यापुढे नाही. म्हणून मी बागेच्या कडेपर्यंतच जायची. देवळात झांजा वाजायला लागल्या, तळ्यावर पाणबदकं उतरल्याचा फडफडाट झाला, की मी शेवटच्या काजूच्या झाडाला टेकून ऐकत उभी राहायची, एक कान मागे ठेवून. माझ्या वर्गातल्या मुलींची लग्नं होत होती. एक तर जामसंड्याला शाळेत शिकवायलाही लागली होती. मला त्यांचा हेवा वाटे असंही म्हणता येत नाही. माझा दिवस इतका भरलेला असे की हेव्याला जागाच नव्हती. फक्त कधी कधी, हातात काही नसतानाही, मला वाटायचं की आपण कुठेतरी निघालो होतो आणि वाटेत कुणीतरी हाक मारून थांबवलंय.

गिटार आणायचं काम मधूदादाने अंगावर घेतलं. कंडक्टर असल्यामुळे त्याच्या ओळखी सगळ्या स्टँडवर. पहिली गिटार त्याने कसालच्या एका मास्तरांकडून आणली, पिवळी, मधोमध गोल भोक असलेली. काकाने ती मांडीवर घेतली, डाव्या हाताने तिचा गळा धरला, आणि सोडून दिला. न्हय. दुसरी कुडाळच्या ऑर्केस्ट्रातल्या एका मुलाची, लाल, पाटासारखी चपटी, विजेवर चालणारी. तिला त्याने हातही लावला नाही. तिसरी बरीच जुनी होती, मोठी होती, मधूदादा ती पणजीहून मांडीवर घेऊन आला होता. काकाने तिच्या पोटावर बोटं फिरवली, मधल्या गोल भोकाशी येऊन थांबला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. न्हय. मधूदादा त्या दिवशी चिडला. जेवताना म्हणाला की माणसाला एक हात चालत नाही आणि नखरे मात्र नवऱ्या मुलासारखे.  बाबांना मनातून बरंच वाटलं असावं. पडवीत गिटार घेऊन बसलेला तोंड वाकडा झालेला भाऊ रस्त्यावरून लोकांना दिसणं त्यांना नको होतं.

त्यानंतर काकाने चित्र काढायला सुरुवात केली. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून खाटेशेजारच्या सारवलेल्या जमिनीवर तो एक खूण काढायचा. आपण संस्कृतात अवग्रहाचं चिन्ह काढतो ना, ऽ, तसं. आणि मग त्याच्या समोर तसंच दुसरं, उलट तोंडाचं. काढायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटलं काही लिहितोय. मी पाटी आणून दिली, पाटीवरही तीच दोन वळणं. मोठ्या आत्याने ती पाहिली आणि तिच्या हातातली परडीच खाली पडली.

“नागाची जोडी ती,” ती बाबांना म्हणाली. “घराण्याचा कायतरी देणा रवला आसा. म्हणान ह्येच्यावर इला.”

मग भगवतीच्या देवळात जाऊन कौल लावला. कौल उजवा आला, म्हणजे देवीचा होकार. आत्याने बांधावरच्या वारुळाला दूध द्यायचं ठरवलं. सोमवारी ती सोवळं नेसून, दुधाची वाटी दोन्ही हातांत धरून पडवीतून निघाली, मागे मी हळद-कुंकवाचं तबक घेऊन. काका खाटेवरून सगळं बघत होता. आत्याने त्याला समजावलं की तुझ्या नागाकडेच चाललोय, आता तुला बरं वाटेल. त्याने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा वाटीकडे, आणि तो हसायला लागला. अर्ध्या तोंडाने, आवाज न करता, खाट हलेपर्यंत. हसता हसता त्याचं रडणं झालं आणि ते थांबेना. आत्या म्हणाली, देव अंगात येतोय. मी तबक खाली ठेवलं आणि त्याचा डावा हात धरून बसले. तो हात माझ्या हातात सारखी बोटं हलवत होता, एकदा ही दोन, एकदा ती तीन, दाबत आणि सोडत. मला इतकंच कळलं की हा माणूस आत अडकलाय आणि सगळ्या कुलपांना आम्ही चुकीच्या किल्ल्या लावतोय. तेव्हा हे त्याच्याबद्दल वाटलं. माझ्या स्वतःबद्दल तसं वाटायला आणखी वेळ लागला.

महिन्यातून एकदा मला मालवणला जायला मिळायचं, काकाच्या गोळ्या आणायला. सकाळच्या गाडीने जायचं, दुपारच्या गाडीने परत. आत्या तेवढा वेळ खाटेजवळ बसायची आणि मी आले की असा सुस्कारा टाकायची की पुढचा महिनाभर बाहेर पडायचं मला धैर्य होऊ नये. बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या काचेच्या कपाटात लग्नाचे जोडे, बारशाची बाळं, असले फोटो लावलेले. त्यात खालच्या बाजूला, उन्हाने पिवळा पडलेला, एका तरुणाचा फोटो होता. स्टुलावर बसलेला, कोट घातलेला, मांडीवर भलीमोठी गिटार. कितीदा त्यावरून माझी नजर गेली असेल. त्या दिवशी मी थांबले, कारण गिटारीच्या पोटावर गोल भोक नव्हतं. दोन्ही बाजूंना दोन लांबट चिरा होत्या, वर-खाली वळलेल्या, एकमेकींकडे तोंड करून. मी काचेवर बोट ठेवून त्या गिरवल्या. स्टुडिओचा मालक बाहेर आला, त्याला वाटलं मला फोटो काढून घ्यायचा आहे. मी विचारलं हा कोण. तो म्हणाला, “तो? जैनबबीचो अस्लम. बोटीवर असायचो. आता खंयच्या देशात आसा देवाक म्हायत.” आणि ती गिटार? ती असेल बंदरावरच्या घरी, त्याची आई कुणाला हात लावू देत नाही, असं त्याने सांगितलं.

दुपारची गाडी चुकणार हे ठाऊक असूनही मी बंदराच्या वाटेला लागले. त्या दिवसाआधी मी न सांगता कुठे गेले नव्हते. जैनबबीचं घर वाळूला लागूनच होतं, कौलारू, पुढे जाळी पसरलेली, सुकत घातलेल्या बांगड्यांचा उग्र वास. त्यांचे यजमान मासळीचे व्यापारी होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई उंच, सडपातळ, डोक्यावरून ओढणी घेतलेली. मी धापा टाकत सगळं एकदम सांगितलं, काका, त्याचा एकच शब्द, पाटीवरची चित्रं, नागाला दिलेलं दूध. नागाच्या ठिकाणी त्या किंचित हसल्या. मग मला आत नेलं आणि भिंतीकडचा लाकडी पेटारा उघडला. रजईत गुंडाळलेली गिटार बाहेर काढली. मधासारखा रंग, कडेला काळसर होत गेलेला. पोट नारळाच्या करवंटीसारखं बाहेरून फुगीर आणि आतून सगळं पोकळ, आणि उचलायला इतकी हलकी की मी दचकले. अस्लमने ती कुठल्याशा लांबच्या बंदरात जुन्या बाजारातून घेतली होती. तेव्हाच ती त्याच्या वयापेक्षा जुनी होती. बापाला ते आवडत नसे, म्हणून तो ती वाळूवर नेऊन वाजवायचा. मग तो पुन्हा बोटीवर गेला आणि परत आलाच नाही. तिकडेच लग्न केलं असं ऐकून होत्या.

मी म्हटलं, खाला, काकाला नुसती दाखवायला द्याल का. त्यांनी रजई पुन्हा नीट गुंडाळली.

“माझो झील परत येतलो तेव्हा ती त्येका हयसरच गावाक व्हयी,” त्या म्हणाल्या. “ही हयसून गेली तर तो कित्याक येतलो?”

संध्याकाळच्या गाडीने मी घरी पोचले. तिठ्यापासून धावत आले. तांब्याचा आवाज लांबूनच येत होता. आत्या बोलली ते इथे लिहीत नाही. बाबा इतकंच म्हणाले की यापुढे गोळ्या मधू आणेल. म्हणजे महिन्यातला तो एक दिवसही गेला. त्या आठवड्यात मी पाटीवर ती दोन चिन्हं काढून मधोमध सहा रेघा ओढल्या आणि काकाला दाखवल्या. त्याने पाटी छातीशी धरली. त्याला सांगितलं की गिटार सापडली आहे पण मिळणार नाही. हे त्याला सांगायला नको होतं की काय, मला आजही ठरवता येत नाही. निदान कुणीतरी आपलं ओळखलं हे तरी त्याला कळलं.

भाताची लावणी संपून बरेच दिवस झाले होते. एका दुपारी कुत्रा भुंकायला लागला म्हणून मी बाहेर आले, तर बांधावरून जैनबबी येत होत्या. पायांत प्लास्टिकच्या चपला, एका हातात सुक्या बांगड्यांची पिशवी, आणि पाठीवर तान्ह्या मुलाला बांधावं तशी रजईची गुंडाळी. आत्या दारात उभी राहिली. जैनबबींनी तिला सांगितलं की पेटाऱ्याला वाळवी लागली आहे, आता हिला काही झालंय का ते जाणकार माणसाने बघावं, एवढ्यासाठीच आले, दाखवून घेऊन जाईन. आत्याने त्यांना पडवीच्या पायरीवर बसायला पाट दिला आणि वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून चहा दिला. जैनबबींनी पेला पाहिला, चहा प्यायल्या, आणि पेला स्वतःच विसळून पालथा घातला. नंतर त्या नेहमी येऊ लागल्या तरी तो पेला बदलला नाही. पण आत्या त्यांच्याजवळच्या बांगड्यांची वाट मात्र बघायची.

गिटार काकाच्या मांडीवर ठेवली. त्याने डावा तळवा तिच्या फुगीर पोटावर पसरला आणि डोळे मिटले. आम्ही तिघी वाट बघत होतो. तो शब्द आलाच नाही. त्याने कान तिच्या अंगाला लावला, बोटाने टकटक केली, चिरेत डोकावला, सगळीकडून चाचपली. मग गळा धरून माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीने माझ्या उजव्या हाताकडे खूण केली. मी त्याच्या उजव्या कुशीला बसले आणि अंगठ्याने एक तार ओढली. गंजलेली तार, बद्द आवाज. त्याने वरची खुंटी पिळली, पुन्हा खूण केली. मी ओढायची, तो पिळायचा. अशा सहा तारा. एक तुटली. बाबा मळ्यातून आले आणि खांद्यावरचं फावडं न उतरवता खळ्यातच उभे राहिले. उरलेल्या पाच तारा जुळल्यावर काकाने डाव्या हाताची बोटं पट्टीवर टेकवली, डाव्या पायाने जमिनीवर ठोका द्यायला सुरुवात केली, एकसारखा, आम्ही भात कांडतो तसा. त्या ठोक्यावर मी अंगठा सगळ्या तारांवरून खाली ओढला. आणि जे वाजलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. रेडिओवरच्या गाण्यासारखं नव्हतं. जाड, उबदार, लाकडी असा एक आवाज उठला आणि काकाने बोटं जरा सैल केल्याबरोबर तिथेच तुटला. पुढच्या ठोक्याला बोटं दुसरीकडे, वेगळा आवाज, पुन्हा तुटला. मी फक्त अंगठा ओढत होते. बाकी सगळं तो करत होता. त्या चालीत काहीतरी असं होतं की आता पडणार असं वाटावं आणि पडू नये. त्याला जॅझ म्हणतात हे मला मिंगेल पुन्हा भेटायला आले तेव्हा कळलं. आमच्या नातीने मध्यंतरी मोबाइलवर अशा गिटारींचं काहीतरी लावून दाखवलं, त्यांना हॉलोबॉडी म्हणतात म्हणाली. आवाज तोच होता. मला तिला मोबाइल बंद करायला सांगावं लागलं.

जैनबबी पाटावर बसून ऐकत होत्या. संपल्यावर त्या म्हणाल्या की अस्लम वाजवायचा तेव्हा मी कधी वाळूवर जाऊन ऐकलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. उठल्या, रजई घडी करून खांद्यावर टाकली, आणि गिटार तिथेच ठेवून निघाल्या. तो येईपर्यंत राहू दे, असं म्हणाल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. मधूदादाने पणजीहून नव्या तारा आणल्या. काका रोज वाजवू लागला, सकाळी अंग पुसून झालं की, आणि दुपारी झोप झाली की. पेज सांडेनाशी झाली, पाठ ताठ झाली, डोळ्यांत चमक आली. गावातली माणसं येऊन खळ्यात बसू लागली. ज्या भावाला बाबा लपवत होते त्याला आता ते पाहुण्यांना दाखवू लागले. मिंगेल आले तेव्हा म्हणाले की मुंबईत दोन हात असताना हा असा वाजवत नव्हता. आणि सगळे माझ्याकडे बघून म्हणत, पोरीचे उपकार. पण ते वाजवणं एका माणसाचं नव्हतं. काका अर्धा होता आणि उरलेला अर्धा मी. मी तापाने पडले तर काका मुका. मी विहिरीवर गेले तर गिटार मांडीवर घेऊन तो रस्त्याकडे डोळे लावून बसायचा. पूर्वी तांब्याच्या आवाजापर्यंत तरी जाता येत होतं. आता मला त्याच्या कुशीपासून हातभरही हलता येत नव्हतं. गंमत अशी की वाजवताना मला आनंद व्हायचा. खरा आनंद. त्या वेळात मी कुणीच नसायची, एक अंगठा असायची, आणि तो अंगठा त्या चालीबरोबर कुठेतरी लांब जायचा. थांबलं की मी पुन्हा पडवीत. एकदा मी ठोका सोडून स्वतःच्या मनाने काही वाजवून पाहिलं. त्याने लगेच सगळ्या तारांवर हात आडवा ठेवून आवाज मारून टाकला. रागाने नव्हे, सवयीने. माझ्या उजव्या हाताला त्याच्या डाव्या हाताचंच ऐकायचं होतं.

कसालच्या एका घरातून मला बघायला येणार होते. बाबांनी निरोप पाठवला की तूर्त विचार नाही. आत्या शेजारणीला सांगत होती ते मी न्हाणीतून ऐकलं: “कुंदा गेली तर ता वाजवतला कोण?” तिने ते कौतुकाने सांगितलं. मी अंगावर पाणी ओतायचं थांबले आणि तशीच थंडीत बसून राहिले. त्या घराण्यात नागाचं काही देणं राहिलं नव्हतं. देणं मीच होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती गिटार नको झाली. सुंदर मधाच्या रंगाची ती वस्तू मीच शोधली होती, मीच धावत जाऊन मागितली होती.

काकाला तपासायला सरकारी दवाखान्याच्या सिस्टर अधूनमधून यायच्या. त्याच्या पाठीला एकही जखम नाही हे बघून त्या मला म्हणाल्या की नर्सिंगला जा, रत्नागिरीला शिकवतात, राहायचीही सोय असते. अर्ज त्यांनीच भरून नेला. मी तो विसरलेही होते. बोलावणं आलं ते मधूदादाने गाडीतून आणून दिलं. जेवताना मी बाबांना सांगितलं. आम्ही पडवीतच जेवायचो, काकाच्या खाटेसमोर. बाबा काही वेळ भात कालवत राहिले.

“आनि काकाचा काय?” त्यांनी विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता.  मी ताटातला भात एका बाजूला करत राहिले. आत्या म्हणाली, असल्या गोष्टी मुलीच्या जातीला शोभत नाहीत. बोलणं तिथेच संपलं आणि ताटं उचलली गेली. खाटेकडे माझी पाठ होती. काकाने ऐकलं असणारच, ऐकण्यात त्याच्या काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंग पुसून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसले. तो म्हणाला, न्हय. मला वाटलं तार उतरली आहे. एकेक ओढून पाहिली, सगळ्या बरोबर होत्या. पुन्हा म्हणाला, न्हय, आणि डाव्या हाताची मूठ मिटून घेतली. दुपारी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी ती मूठ उलगडायला गेले तर उघडेना, लुळ्या हातापेक्षा घट्ट. आत्या म्हणाली दुखणं वर चढलं. बाबांनी सिस्टरांना बोलावलं, त्यांना काही बदल दिसला नाही. मधूदादाने समजूत काढली, बाबांनी काढली, एकदा चिडूनही पाहिलं. तो शांतपणे, डोळ्याला डोळा देऊन, न्हय म्हणायचा. गिटार खुंटीला लटकली. खळ्यातली माणसं यायची थांबली. मी मात्र रोज विचारायची. विचारताना मला भीती वाटायची की तो हो म्हणेल.

जैनबबी बांगडे घेऊन आल्या तेव्हा त्यांना सगळं कळलं. त्यांनी स्वतः गिटार काढून त्याच्यापुढे धरली. तो त्यांच्याकडे बघून न्हय म्हणाला, पण तो शब्द त्याने असा उच्चारला जसा पाहुण्याला आपण ‘बसा’ म्हणतो. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग रजई मागितली. तिठ्यापर्यंत मी त्यांना पोचवायला गेले, गिटार माझ्या पाठीवर होती. गाडी आल्यावर त्यांनी ती माझ्याकडून घेतली.

“ही मी व्हरतंय,” त्या म्हणाल्या. “आता तू रवू नको.”

बाबांना आता सांगायला कारण उरलं नव्हतं. त्यांनी पायरीवर बसून विड्या ओढल्या आणि आठवडाभराने मधूदादाला माझं तिकीट काढायला सांगितलं. काकाचं करायला आत्याच्या सासरकडची एक बाई येऊन राहिली. निघताना मी पाया पडले तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता.

अस्लम परत आला की नाही ते मला माहीत नाही. जैनबबी गेल्याचं मला रत्नागिरीत कळलं. त्यांच्या घराच्या जागी आता पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत, मागे एकदा मालवणला गेले तेव्हा मी तिथपर्यंत चालत गेले होते. गिटारीबद्दल विचारावं असं कुणी तिथे नव्हतं. इतकी वर्षं मी माणसांची दुखणी पाहिली आणि त्यांच्या नातेवाइकांना सांगत आले की अशा आजारात मन लहरी होतं, आवडतं ते नावडतं होतं, त्यात अर्थ शोधू नका. काकाच्या बाबतीतही तसंच झालेलं असू शकतं. मी ते नाकारत नाही.

पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तो खूप वाळला होता. आत्या मागच्या दारी होती, बाबा मळ्यात. मी खाटेवर त्याच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, “काका, तू ता माझ्यासाठी केलंस?”

 तो न्हय सुद्धा म्हणाला नाही. डाव्या हाताने त्याने माझा उजवा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तारा ओढून ओढून तिथे कातडी जाड झाली होती. आता ती निघून गेली होती आणि खालून मऊ, गुलाबी कातडी आली होती. त्या जागेवर तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग हात माझ्या मांडीवर ठेवला, आणि सोडला.